अठरा तासांचा धाक आणि आपला रविवार

जयंतीच्या तयारीसाठी जर्मनीतल्या आम्हा काही आंबेडकरी मित्रमैत्रिणींची रविवारी ऑनलाइन बैठक होते. अशाच एका बैठकीत आमच्यातल्या एका मुलीने सांगितले, ‘‘पुढच्या शनिवार-रविवारी मला काही काम देऊ नका. तो मी स्वतःसाठी ठेवला आहे. सेल्फ केअर वीकेंड. फोनपण बंद असेल.’’ ही मुलगी मराठवाड्यातून नर्सिंग करून इकडे आली, वृद्धाश्रमात नोकरी करते. तिचे बोलणे संपायच्या आत, महाराष्ट्रातून मार्गदर्शनासाठी बैठकीला असलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सुनावले, ‘‘ताई, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत होते. आणि आपल्याला वीकेंड पाहिजे? हे मोठ्या घरच्या लोकांचे चोचले आपल्यात कधी शिरले?’’ दोनचार जण हसले, दोनचार जणांनी अंगठा वर केला.

या दादांबद्दल मला पूर्ण आदर आहे. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, आणि त्यांच्यासारख्यांनी खाल्ल्या म्हणून आमच्यासारख्या मुली विमानात बसल्या. पण त्यांनी त्या दिवशी जो युक्तिवाद केला तो चुकीचा आहे. त्याच बैठकीत मी दोन मिनिटे बोलले, पण दोन मिनिटांत मांडण्याचा हा विषय नाही. शिवाय हा युक्तिवाद एकट्या दादांचा नाही. चळवळीत कुठेही कोणी ‘मी दमलो’ म्हणाले की हेच अठरा तास काढून त्याच्या तोंडावर मारले जातात.

आधी या अठरा तासांचेच बघू.

१४ एप्रिल जवळ आला की महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत, विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, बुद्धविहारांत ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. उपक्रम उत्तम आहे. डीजेच्या भिंतीपुढे नाचण्यापेक्षा पुस्तक घेऊन बसणे कधीही चांगलेच. पण वर्षातून एक दिवस अभिवादन म्हणून अठरा तास वाचणे वेगळे, आणि ते माप घेऊन वर्षभर प्रत्येक जिवंत माणसाची उंची मोजत फिरणे वेगळे. बाबासाहेब इतका वेळ का वाचत होते, हा प्रश्न आपण विचारतच नाही. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या मुदतीच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ साली ती संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी, त्यातून काटकसर करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, आणि १९२० साली पुन्हा लंडन. तिथला प्रत्येक दिवस पैशांत मोजलेला होता. ज्याच्या मागे पिढीजात जमीनजुमला आहे त्याला तीच पदवी नाटक-सिनेमे बघत, मित्रांबरोबर हिंडत मिळवता येत होती. बाबासाहेबांना तेवढी उसंत या व्यवस्थेने दिली नाही. अठरा तास हा त्यांनी आपल्याला घालून दिलेला नियम नव्हता. जातिव्यवस्थेने त्यांच्याकडून वसूल केलेला तो दंड होता. आणि आपण तो दंड पुढच्या पिढीकडून, तोही स्वतःच्या हाताने, वसूल करायला निघालो आहोत!

या दंडाचा अर्धा भाग तर दुसऱ्याच व्यक्तीने भरला. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात बसत होते तेव्हा रमाई परळच्या चाळीत काय खात होत्या, हे आपल्या प्रत्येक गायकाने गाऊन सांगितले आहे. पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. खुद्द बाबासाहेबांचे शरीरही मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने पोखरले होते. शेवटच्या वर्षांत आधाराशिवाय त्यांना चालणे कठीण झाले होते. वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ छापून आलेला त्यांना बघायला मिळाला नाही. धर्मांतरानंतर दोन महिनेही त्यांना लाभले नाहीत. आपल्या चळवळीचे याहून मोठे नुकसान दुसरे कोणते? त्या नुकसानीलाच आदर्श म्हणून मिरवायचे, हे मला समजत नाही.

आणि त्यांच्या हाती सत्ता आली तेव्हा त्यांनी काय केले ते बघा. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ‘मी अठरा तास राबलो, तुम्हीही राबा’ असा कायदा त्यांनी केला नाही. १९४५ साली कारखान्यात वर्षभर काम केलेल्या कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा देणारी दुरुस्ती झाली, १९४६ साली बारमाही कारखान्यांतल्या कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्याच काळातल्या, १९४५ च्या त्यांच्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात गांधीवादावर एक प्रकरण आहे. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींना तिथे त्यांनी जे उत्तर दिले आहे ते या विषयावरचे मला माहीत असलेले सर्वांत कडक लेखन आहे. त्याचा आशय असा, की माणसाला जनावरापासून वेगळे करते ती संस्कृती. संस्कृतीला फुरसत लागते. आजवर ही फुरसत मूठभरांना मिळाली कारण बाकीच्यांनी त्यांच्यासाठी राबून आपली फुरसत गमावली. आणि लोकशाही म्हणवणाऱ्या समाजाने ती प्रत्येकाला मिळवून दिली पाहिजे. फुरसत चैनीच्या नव्हे, हक्काच्या यादीत टाकणारा हा माणूस आहे. त्यांनी स्वतःही जमेल तेव्हा ती घेतली. कुत्री पाळली, बाग केली, उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले. हे फोटो आपल्या कॅलेंडरवर फारसे येत नाहीत. का येत नाहीत, याचाही विचार करण्यासारखा आहे.

‘चोचले मोठ्या घरच्यांचे’ या म्हणण्याचा समाचार तर इतिहासच घेतो. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक, जोतिरावांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्यांचे निवेदन दिले, त्यावर साडेपाच हजार कामगारांनी नावे घातली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्यात दोन कामगार बायका बोलल्या. त्या काळात, दहा हजारांपुढे, गिरणीतल्या बायका! १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, जोतिरावांच्या निधनाच्या जेमतेम साडेपाच महिने आधी. तेव्हा रविवार इंग्रजांनी दिला, चर्चने दिला, असे कोणी सांगितले तर त्याला ही तारीख सांगा. आपल्या बहुजन कामगाराच्या घरात रविवार आला तो सत्यशोधकांच्या हाताने. दादांना ज्यात मोठ्या घरचा वास येतो त्याला कापडगिरणीच्या घामाचा वास आहे.

आता त्या मुलीच्या थकव्याकडे येते, कारण परदेशातल्या आपल्या माणसाचा थकवा म्हणजे काय हे इथे न राहिलेल्यांना चटकन कळत नाही. फोटोत बर्फ दिसतो, कोट दिसतो.

ही मुलगी आली ती भाषेच्या परीक्षेसाठी कर्ज काढून. आपली नर्सिंगची पदवी इथल्या सरकारकडून मान्य होईपर्यंत तिने मदतनीस म्हणून कमी पगारावर काम केले. सकाळची पाळी सहाच्या सुमारास सुरू होते. म्हाताऱ्यांना उठवणे, धुणे, भरवणे, उचलून खुर्चीत बसवणे. पगारातून कर्जाचा हप्ता जातो, भावाच्या शिक्षणाचे जातात, गावाकडे घराचा स्लॅब राहिला आहे त्याचे जातात. घरातली पहिली शिकलेली मुलगी म्हणजे साऱ्या खानदानाची बँक असते. हे ओझे सवर्ण घरातून आलेल्या तिच्या सहकारी मुलीवर नसते. तिचा बाप तिला उलट विचारतो, पैसे पाठवू का म्हणून.

मग शनिवार येतो. शहरातल्या मराठी मंडळींचे पॉटलक असते. एकटी पडू नये म्हणून ती जाते. तिथे गोड आवाजात विचारतात, मूळ गाव कोणते, आडनाव काय, ‘म्हणजे तुम्ही नेमके कोण?’ उत्तर दिले की पुढच्या वेळी निरोप येत नाही. उत्तर टाळले की रात्रभर स्वतःचाच राग येतो. जात विमानतळावर जप्त होत नाही. अमेरिकेत निदान त्यावर झगडा उभा राहिला आहे. सिस्को कंपनीतल्या जातिभेदाच्या तक्रारीवरून कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने २०२० साली दावा लावला, सिएटल शहराने २०२३ साली जातिभेदावर बंदी घातली. जर्मनीच्या २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यात वंश आहे, धर्म आहे, लिंग आहे, वय आहे. जात हा शब्द नाही. त्यामुळे पॉटलकमध्ये तुझे काय बिनसले हे इथल्या समुपदेशकाला सांगायला बसलात तर पहिले दोन तास जात म्हणजे काय हे समजावण्यातच जातात, आणि त्याचे पैसेही तुम्हीच भरायचे.

शिवाय फोन. भारतात कुठेतरी आपल्या पोराला घोड्यावर बसला म्हणून मारतात, कुठे विहिरीवरून, कुठे स्टेटसवरून. तो व्हिडिओ इथे सकाळच्या चहाबरोबर येतो. तो बघून तुम्ही कामावर जाता आणि तिथे कोणाला काही सांगता येत नाही, कारण कोणाला काही माहीतच नाही. रात्री परत बैठक, निवेदन, सह्यांची मोहीम. हे करायलाच हवे, मी स्वतः करते. पण फोन बंद ठेवण्याला पळपुटेपणा म्हणणाऱ्याने आधी तो फोन सहा महिने हातात धरून बघावा.

या थकव्यावर बाजाराकडे औषध तयारच असते. सुगंधी मेणबत्ती, तोंडाला फासायचा लेप, दोन दिवसांचे योगा रिट्रीट, आयुर्वेदिक तेलाची मालिश. इथल्या मोठ्या शहरांत यातली बरीचशी दुकाने भारताच्या नावावर चालतात आणि तिथे भारत म्हणजे ओम, सात्त्विक आहार आणि कपाळाला टिळा लावलेला कोणीतरी गुरू. ज्या ‘शुद्धते’ने आपल्या आजीला पाणवठ्यावरून हाकलले तीच शुद्धता आपल्या नातीने दीडशे युरो मोजून अंगाला चोळून घ्यायची, हा विनोद मला तरी सहन होत नाही. बुद्धाची सतिसुद्धा या लोकांनी ‘माइंडफुलनेस’ म्हणून बाटलीत भरली. शील काढून टाकले, करुणा काढून टाकली, श्वास तेवढा ठेवला. अशा श्वासाने माणूस सोमवारी पुन्हा निमूट कामाला लागतो. मालकाला तेच हवे असते. म्हणून दादांच्या बोलण्यातला एवढा भाग मी मान्य करते, की सेल्फ केअर नावाने जे विकले जाते त्यात फसवणूक भरपूर आहे.

पण हा शब्द काही मालिशवाल्यांनी शोधलेला नाही. ऑड्रे लॉर्ड ही काळी अमेरिकन कवयित्री. १९८४ साली ती बर्लिनला शिकवायला आली आणि इथल्या विखुरलेल्या काळ्या जर्मन बायकांना एकत्र यायचे, स्वतःबद्दल लिहायचे बळ तिने दिले. तेव्हा तिला कर्करोग होता आणि उपचारही ती बर्लिनमध्ये घेत होती. परदेशात, परक्या भाषेत, आजारी अंगाने काम करणारी ही बाई. १९८८ च्या ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’मध्ये तिने स्वतःची काळजी घेण्याला स्वतःला टिकवून धरणे म्हटले, राजकीय लढाई म्हटले. ज्या समाजाने तू मेलीस तरी चालेल असे ठरवले आहे त्यात जिवंत राहणे हीच त्याची अवज्ञा. आणि तिच्या आधी ब्लॅक पँथर्सनी वस्त्यांमध्ये फुकट दवाखाने चालवले, शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळचा नाश्ता दिला. काळजी हा त्यांच्या कार्यक्रमाचाच भाग होता. १९७२ साली आपण त्यांचे नाव घेतले आणि दलित पँथर काढली. नाव घेतले, घोषणा घेतल्या. दवाखाना मात्र घ्यायचा राहिला.

आता प्रश्न उरतो की हा वीकेंड घ्यायचा तर कसा.

मी जर्मनीत आले तेव्हा पहिल्या रविवारी दूध आणायला निघाले आणि सगळी दुकाने बंद बघून गोंधळले. पुढे कळले की रविवारचा विसावा इथे थेट राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले कलम १९४९ च्या घटनेने तसेच पुढे चालू ठेवले. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकाने उघडी ठेवायचे ठरवले तेव्हा चर्च घटनात्मक न्यायालयात गेले आणि २००९ साली जिंकले. चर्चचे हेतू वेगळे, पण कामगार संघटनाही रविवारच्या बाजूने त्यांच्याबरोबर उभ्या राहतात. दोन पाळ्यांमध्ये सर्वसाधारणपणे अकरा तासांची विश्रांती कायद्याने बंधनकारक आहे. दवाखाने, वृद्धाश्रम अशा ठिकाणी रविवारी काम करावेच लागते, तरी वर्षातले किमान पंधरा रविवार मोकळे मिळालेच पाहिजेत, आणि रविवारी काम केले तर बदली सुट्टी. म्हणजे आमच्या त्या मुलीने मागितलेला शनिवार-रविवार ही चैन नव्हतीच; तिच्या वाट्याच्या मोजक्या रविवारांपैकी तो एक होता, आणि त्यावर आम्ही बैठक टाकत होतो!

हे हक्क भारतीय माणूस वापरत नाही, ही खरी अडचण आहे. माझ्या एका जुन्या नोकरीत भारतातला वरिष्ठ रविवारी संध्याकाळी मेसेज टाकायचा आणि आमच्यातले चार जण लॅपटॉप उघडून बसायचे. जर्मन सहकाऱ्यांपैकी एकही नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, भीती खोटी नसते. पण भीतीवर उपाय एकट्याने मेणबत्ती लावून बसणे नाही. इथल्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांची निवडून दिलेली समिती असते, तिच्यात मत द्यायला आणि निवडून यायला जर्मन नागरिकत्व लागत नाही. त्या समितीत आपले किती लोक आहेत? मी ज्या तीन ठिकाणी काम केले तिथे एकही नव्हता. जयंतीला मंचावर ‘संघटित व्हा’ म्हणणारे आपण सोमवारी कामगार संघटनेची वर्गणी भरायला मागेपुढे बघतो. वीकेंड वाचवायचा असेल तर तो तिथे वाचेल. अमेरिकेतल्या मित्रांची लढाई आणखी अवघड आहे, तिथे तर पगारी रजा द्यायलाच हवी असा देशपातळीवरचा कायदाही नाही.

घरातल्या सुट्टीचे बोलू. आपल्या जयंतीला इथे दोनशे माणसे जेवतात. भाषणांच्या यादीत सात पुरुष असतात आणि शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत वांगी चिरणाऱ्या सात बायका असतात. त्यांचा वीकेंड चळवळीने खाल्ला असे कोणी म्हणत नाही, कारण स्वयंपाक कामात धरला जात नाही. एका वर्षी आम्ही जेवण बाहेरून मागवले तर ‘घरच्यासारखी चव नव्हती’ अशी तक्रार आली. चव हवी असेल तर सूरी घ्या हातात, इतकेच मी म्हणाले होते. अजून कोणी घेतलेली नाही.

आणि सर्वांत अवघड गोष्ट शेवटी. विनयपिटकात सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंत घरचा, कोवळ्या पायांचा. चंक्रमण करून करून त्याच्या तळपायांतून रक्त आले. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला, फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही. हा दाखला सगळ्यांना माहीत असतो, माइंडफुलनेसवाल्यांनासुद्धा. पुढचा भाग कोणी सांगत नाही. बुद्धांनी त्याला पादत्राणे वापरायची परवानगी दिली तेव्हा सोण म्हणाला, संघातल्या सगळ्यांना परवानगी असेल तरच मी वापरीन, एकट्याला नको. आणि मग ती सगळ्यांना मिळाली.

माझ्या मते परदेशातल्या आपल्या सुट्टीची कसोटी इथे आहे. हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार बायका आहेत, बहुतेक फिलिपिन्सच्या आणि इंडोनेशियाच्या. मालकाच्याच घरात राहण्याची त्यांना सक्ती आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी स्वतःची अशी चार भिंतींची जागा नाही. पण आठवड्याला एक सुट्टी कायद्याने आहे, म्हणून रविवारी शहराच्या मधोमध, मोठ्या बँकेच्या इमारतीखालीसुद्धा, पुठ्ठे अंथरून त्या हजारोंनी बसतात. एकमेकींची नखे रंगवतात, डबे खातात, नाचतात, घरी पैसे पाठवतात, संघटनेच्या सभा घेतात. याला म्हणावे सेल्फ केअर वीकेंड. सिंगापूरमध्ये हीच सुट्टी २०१३ साली कायद्यात आली, पण मालक पैसे देऊन ती विकत घेऊ शकत होते. २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैशांनी विकत घेता येत नाही.

आणि आपल्याकडे? परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांची जरा बरी परिस्थिती झाली त्यांच्या आईवडिलांना पुण्यात, नागपुरात, संभाजीनगरात सांभाळायला बाई ठेवलेली असते. ती बाई बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असते, आपलीच मावशी-आत्या शोभेल अशी. तिला रविवार नसतो. घरकामगारांना आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती असावी असे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात म्हटले आहे. जर्मनीने तो २०१३ साली मान्य केला, भारताने अजून केलेला नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण आठवड्याच्या सुट्टीची हमी त्यातून तिच्या हाती पडलेली नाही. सरकार करील तेव्हा करील. तिचा पगार मात्र इथल्या बँकेतून, आपल्या अंगठ्याच्या एका दाबाने जातो. तिच्या बाबतीत सरकार आपणच आहोत.

म्हणून त्या मुलीने फोन बंद ठेवला हे बरोबर केले, असे मी पुढच्या बैठकीत पुन्हा म्हणणार आहे. बैठक महिन्यातून दोनदाच आणि तीही आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, तासाभराची ठेवा, असा ठराव मांडणार आहे. या वर्षी वांगी पुरुषांनी चिरायची, हा दुसरा. आणि तिसरा असा, की आपल्यापैकी ज्यांच्या घरी गावाकडे कामाला बाई आहे त्यांनी या महिन्यापासून तिला चार रविवार भरपगारी द्यावेत आणि त्या दिवसांसाठी बदली बाईचे पैसे वेगळे पाठवावेत. हिशेब मी करून बघितला आहे. चार दिवसांच्या बदली बाईचा खर्च इथल्या एका मालिशीच्या पैशांत निघतो, वर तिच्या बसभाड्यालाही उरतात.